दूध सोडलं आणि पोट बोलायला लागलं

भावजयीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात रजेचे अर्ज फायलीला लावत होते. दौंडला रेल्वेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे आणि माझं माहेर कवठे येमाईचं. माहेरचा फोन भर दुपारी आला की मी हातातलं टाकून तो आधी उचलते.

"ताई, आबांनी दूध सोडलं," ती म्हणाली.

मला ऐकू आलं, सांडलं. "किती?" मी विचारलं.

"सांडलं न्हाई ओ, सोडलं. च्यात घेत न्हाईत, भाकरीसंगं घेत न्हाईत. दही न्हाई, ताक न्हाई, तूप न्हाई. आठ दिस झालं. तुम्ही या. तुमच्याबिगर ते कुणाचं ऐकायचं न्हाईत."

आबा म्हणजे माझे वडील. ते कुणाचंच ऐकत नाहीत, पण मी नोकरीवाली म्हणून माझं ऐकतात असा आमच्या घरात समज आहे. मीही तो कधी खोडून काढला नाही.

आबांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं. पुढं विहिरीला पाणी लागलं, घराणं शेतात स्थिरावलं, आणि कळप विकायची वेळ आली. ज्या दिवशी मेंढरं गेली त्या दिवशी आबांनी मटण सोडलं. "आपल्या मेंढराचं खाल्लं त्ये खाल्लं. आता वळख ना पाळख, दुसऱ्याच्या जनावराला कशाला दात लावू?" एवढंच बोलले. अंडी त्यांना आधीपासून चालत नव्हती. उरलं दूध. ते घरच्या गावरान गाईचं. गाय म्हातारी झाली तसं तिचं दूध अर्ध्या लिटरवर आलं. बाकीचं घर डेअरीचं दूध प्यायचं आणि ते अर्धा लिटर फक्त आबांचं. मग ती गाय गेली, वयानंच गेली. आबा रडले नाहीत, नेहमीसारखे जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मला च्या काळा दे."

शनिवारी मी शिरूरला उतरले आणि तिथून कवठ्याची गाडी धरली. घरी पोचले तर आबा ओट्यावर कांद्याच्या पाती निवडत बसलेले. मी वाटेत सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं.

"आबा, या वयात दूध बंद केलं तर हाडं ठिसूळ होतील."

"पंच्याहत्तरीत हाडं का पोलादाची ऱ्हात्यात?"

"अंगातली ताकद जाईल."

"कुस्तीला कुठं जायाचंय?"

"निदान वाटीभर ताक तरी."

"कुणाच्या गाईचं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी माझा हुकमी एक्का काढला. म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही दूध पीत नाही तर मीही पिणार नाही. ज्या दिवशी तुम्ही घ्याल, त्या दिवशी मी घेईन." माझा अंदाज असा, की लेकीचे हाल बापाला बघवणार नाहीत. दिवसाला पाच-सहा कप घट्ट दुधाचा चहा ही माझी सवय आबांना चांगली ठाऊक होती.

आबांनी माझ्याकडं नीट बघितलं. "बरं," म्हणाले. आणि आत हाक मारली, "सूनबाई, हिला बी काळाच च्या दे!"

घरात सगळे हसले. मीही हसले, पण कप हातात आला तेव्हा त्यात माझा चेहरा दिसत होता आणि तो काही हसरा नव्हता.

पहिले दोन दिवस अभिमानात गेले. काळा चहा मला घशाखाली उतरेना, म्हणून मी चहाच बंद केला. तिसऱ्या दिवशी डोकं असं धरलं, की कपाळात कुणीतरी रुळाचे बोल्ट आवळतंय. डोळ्यांवर प्रकाश सोसेना. आमचे हे रेल्वेत गार्ड आहेत. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण घरातली मॅनेजर मीच. ते म्हणाले, "अगं, आबांना कवठ्यात बसून काय कळतंय? घे की अर्धा कप."

"मला कळतंय ना," मी म्हणाले.

त्यावर ते आपला कप घेऊन मागच्या अंगणात गेले. पुढचे कितीतरी दिवस नवरा चोरून दारू प्यावी तसा मागल्या दारी चहा पीत होता.

शेंगदाण्यांचं दूध काढतात असं मोबाइलवर बघितलं होतं. दाणे भिजवले, वाटले, फडक्यानं गाळले. दिसायला दूध अगदी झकास. चहात ओतलं आणि उकळी आली तसा चहा फाटला. वर पांढऱ्या गुठळ्या, खाली तपकिरी पाणी. आमच्या ह्यांनी पातेल्यात डोकावून शांतपणे विचारलं, "हे प्यायचं, का गुडघ्याला लावायचं?"

शेवटी माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी मला वाचवलं. त्या म्हणाल्या, "दुधासाठी नाही हो दुखत डोकं, चहासाठी दुखतंय. इतक्या वर्षांची तलफ एका दिवसात तोडलीत तर असंच होणार. कोरा चहा घ्या, आलं आणि गवती चहा घालून, आणि रोज एकेक कप कमी करत या." मी त्या दिवशी नाक मुठीत धरून कोरा चहा घेतला. तासाभरात डोकं उतरलं. चार दिवस मी ज्या दुधाला मनातल्या मनात हाका मारत होते, त्याचा या दुखण्याशी काही संबंधच नव्हता.

डोकेदुखी थांबली आणि पोटाची पाळी आली.

अशक्तपणा येईल या भीतीनं मी कडधान्यांवर अशी काही तुटून पडले होते की विचारू नका. सकाळी मटकीची उसळ, डब्यात हरभरे, संध्याकाळी हुलग्याचं माडगं, आणि मध्ये भूक लागली तर भाजलेले फुटाणे. दूध सोडलेल्या माणसानं प्रोटीन खावं असं सगळे सांगत होते. किती खावं ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून मोठे साहेब आले. मीटिंग लागली. साहेबांना शांतता फार प्रिय. ते रजिस्टरची पानं उलटत होते आणि आम्ही बाराजण श्वास रोखून बसलो होतो. अशा वेळी माझ्या पोटातून आवाज निघाला. साधा नाही. सुरुवातीला लांबून घुमल्यासारखा, मग जवळ येत, मग वळण घेऊन पुन्हा लांब जाणारा. मी फाइल पोटाशी घट्ट धरली. त्यानं आवाज आणखी भरदार झाला. साहेबांनी मान वर केली आणि खिडकीकडं बघितलं.

"कोणती गाडी आली?" त्यांनी विचारलं.

आमचे हेडक्लार्क घड्याळाकडं बघून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "सर, मालगाडी असावी. थांबणार नाही ती."

बाकीचे सगळे खाली मान घालून हसू दाबत हलत होते. मी त्या दिवसापासून हेडक्लार्कांची ऋणी आहे, आणि ते अजूनही मला बघून अधूनमधून विचारतात, "आज मालगाडी वेळेवर का?"

आता आबांकडं काय चाललं होतं ते सांगते. आमचं फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. "बरं हाय का?" "बरं आहे." "पोरं बरी हायती?" "बरी आहेत." "ठिवतो मग." एवढ्यात आटपायचं. आई होती तेव्हा बाकीचं सगळं ती बोलायची. ती गेल्यावर आम्ही दोघं उरलो आणि आम्हाला ह्यापलीकडं काय बोलायचं ते सुचायचं नाही.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बरं हाय, बरं आहे झालं, पण फोन काही ठेवेनात.

"जरा रस्ता बंद हाय," आबा म्हणाले.

"कुठला? शिरूरचा?"

"न्हाई."

"मग मंचरचा?"

"न्हाई गं." ते खाकरले. "माझा."

मला कळायला दोन क्षण लागले, आणि कळल्यावर हसू दाबायला दहा. जन्मात बापानं लेकीशी हा विषय काढलेला नव्हता. मग मीही लाजलज्जा बाजूला ठेवली आणि सांगितलं, "आबा, माझं उलटं झालंय. माझा रस्ता मोकळा आहे, पण वाहतूक फार आहे." आणि मालगाडीची सगळी गोष्ट सांगितली. पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग कळलं की आबा हसतायत. त्यांना एवढं हसताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"काय काय खातीस?" हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं. मी यादी वाचली.

"आगं, घोड्याला बी एवढं हरबरं घालत न्हाईत. कमी कर. आन् रातभर भिजवलेलं पाणी फेकून देतीस का न्हाई?"

"त्यात सत्त्व असतं ना?"

"त्यात वारा असतो. फेक. दुसऱ्या पाण्यात मऊ होस्तंवर शिजव, हिंग घाल, आन् जेवल्यावर चिमूटभर ओवा चाव. मेंढरांचं पोट फुगलं तवा आम्ही ओवाच घालत हुतो."

मेंढराचं औषध मला कसं चालेल, असं मी विचारलं नाही. मुकाट्यानं पाणी फेकलं, दिवसाला एकच वाटी उसळ ठेवली, आणि आठवड्याभरात मालगाड्या बंद झाल्या. पॅसेंजर मात्र अजून एखादी धावते.

त्यांच्या तक्रारीवर मी डोकं चालवलं. आबा आयुष्यभर भाकरी दुधात कुस्करून खात आले. आता ते कोरडी भाकरी चटणीशी खात होते आणि पाणी तेवढंच, तांब्याभर. मी भावजयीला सांगितलं, आमटी पातळ कर, भाकरी तिच्यात कुस्करून दे, आणि दुपारी एक पपई काप. आबांना सांगितलं, उठल्या उठल्या दोन पेले कोमट पाणी. चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन. मी घाबरून उचलला.

"रस्ता झाला," आबा म्हणाले, आणि ठेवून दिला.

त्यानंतर आमचे फोन रोज व्हायला लागले. वीस-वीस मिनिटं. विषय पोटापासून सुरू व्हायचा, पण तिथं थांबायचा नाही. ओव्यावरून गोष्ट निघायची ती ते मेंढरं घेऊन कुठवर चालत जायचे तिथं पोचायची. एकदा त्यांनी सांगितलं, की मी सहा महिन्यांची असताना आईला ताप होता आणि त्यांनी मला चार दिवस शेळीच्या दुधावर सांभाळलं होतं. "तुला तवा बी गॅस व्हायचा," म्हणाले. "खांद्यावर घेऊन पाठीवर थापटत हिंडायचो." हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

साधारण महिन्यानं माझ्या हातून चूक झाली. ऑफिसात एकाच्या मुलीला नोकरी लागली, पेढ्यांचा बॉक्स फिरला, आणि मी बोलता बोलता एक उचलून तोंडात टाकला. अर्धा विरघळल्यावर लक्षात आलं. थुंकावा, तर समोर तो बाप आनंदानं उभा. गिळला. चव सांगू नये, पण फार छान होता.

संध्याकाळभर मला चैन पडेना. कुणी बघितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. शेवटी फोन लावला.

"आबा, मी आज पेढा खाल्ला."

"किती?"

"एक."

"मंग काय झालं? एका पेढ्यानं आभाळ कोसळत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "एक इचारू? मी गाईपायी सोडलं. तू कशापायी सोडलंस?"

"तुमच्यापायी."



"हुलगं भिजवलं का उद्याचं?" आबांनी विचारलं.

"भिजवते."

"भिजव," म्हणाले, आणि फोन ठेवायचं विसरले.

तिसऱ्या महिन्यात भाऊ सांगायला लागला, की आबा चालताना पाय झटकतात. विचारलं तर म्हणाले, मुंग्या येत्यात, बसून बसून आल्या असतील. हे मला ओव्यावर भागणारं वाटलं नाही. मी त्यांना दौंडला बोलावून घेतलं आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी दोघांचंही रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आला. साखर चांगली, बाकी चांगलं, आणि दोघांचंही बी-ट्वेल्व्ह तळाला; मटण-अंडी मीही खात नाही.

"मटण नाही, अंडं नाही, आणि आता दूधही नाही? म्हणजे आबा, तुम्ही व्हीगन झालात," बाई म्हणाल्या.

आबांना वाटलं, हे रोगाचं नाव. "बरं व्हईल का?" त्यांनी विचारलं.

बाई हसून म्हणाल्या, की हा रोग नाही, खाण्याची पद्धत आहे, आणि ती नीट पाळली तर काही बिघडत नाही. पण हे जीवनसत्त्व पालेभाजीत नसतं, कडधान्यात नसतं, ते बाहेरूनच घ्यायला हवं. "आणि हे तीन महिन्यांत घडलेलं नाही. दोघांचंही आधीपासूनच कमी असणार, तपासलं आत्ता म्हणून दिसलं. मुंग्या अंगावर काढू नका. गोळ्या घ्या आणि मला पुन्हा दाखवा." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्हालाही तेच, आणि जोडीला नाचणी, तीळ चालू ठेवा."

मेडिकलच्या दुकानात आबांनी काउंटरवर दोन्ही हात टेकवून विचारलं, "ही गोळी कशापास्नं करत्यात? गाईचं काय न्हाई ना त्यात?"

दुकानदार तरुण होता, पण भला. त्यानं चष्मा वर सरकवून बारीक अक्षरं वाचली. "जीवनसत्त्व तर कारखान्यात तयार करतात, आबा. बाकी स्टार्च आहे, रंग आहे, लॅक्टोज आहे."

लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर हे मला माहीत होतं, आबांना नव्हतं. माझ्या मनात आलं, गप्प बसावं. कणभर तर असेल. पाय बरे होणं महत्त्वाचं. मी पैसे काढायला पर्स उघडली आणि आबांनी माझ्याकडं बघितलं. पेढ्याचं सांगून टाकणाऱ्या लेकीवर त्यांचा पुरता भरवसा होता, तो त्या नजरेत दिसला. मी पर्स बंद केली.

"आबा, ते लॅक्टोज दुधातून काढतात."

"मंग नगं."

आम्ही परत दवाखान्यात. बाईंनी हात कपाळाला लावला. "मग इंजेक्शन. सुरुवातीला तसंही तेच बरं पडेल."

आणि आबांचा चेहरा उतरला. अंधारात लांडग्यांमागं काठी घेऊन धावलेला हा माणूस सुईला भितो, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. "दुसरं काय न्हाई का?" त्यांनी हळूच विचारलं. "पातळ औषध, लेप, कायबी?"

"आधी मी घेते," मी म्हणाले आणि बाही वर केली. खरं सांगायचं तर मलाही सुई आवडत नाही, पण आबा बघत होते म्हणून मी हसत बसले. माझं झालं. मग त्यांनी दंड पुढं केला, डोळे मिटले आणि माझं मनगट असं धरलं की सुईपेक्षा तेच जास्त दुखलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

"कवा?" आबांनी डोळे उघडले. "मला वाटलं अजून सुरवात व्हायचीय."

अशी आणखी काही इंजेक्शनं झाली. त्यासाठी आबा दौंडला यायचे, दोन दिवस राहायचे, आमच्या ह्यांच्याबरोबर प्लॅटफॉर्मवर हिंडून गाड्या बघायचे. तेवढ्यात त्या मेडिकलवाल्यानं खटपट करून जिभेखाली ठेवायची, दुधाचं काही नसलेली गोळी पुण्याहून मागवून दिली. दीड-दोन महिन्यांत मुंग्या थांबल्या. आता सहा महिन्यांनी एकदा आम्ही दोघं रक्त तपासून घेतो आणि कुणाचा आकडा जास्त यावरून भांडतो.

तो माझा हुकमी एक्का असा माझ्याच अंगाशी आला. ज्या दिवशी आबा दूध घेतील त्या दिवशी मी घेईन, हे अजून कायम आहे, पण ते घेत नाहीत आणि मलाही आता घाई नाही. कोरा चहा मला आवडायला लागलाय असं मी म्हणणार नाही. त्याचा राग येणं मात्र थांबलंय. होळीला पुरणपोळी कटाच्या आमटीत बुडवून खाते. तूप नसल्याचं दुःख पहिल्या घासाला होतं, दुसऱ्याला नसतं. आमचे हे पुन्हा घरात बसून चहा पितात.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीत शेजारी राहायला आलेली बिहारची सून दारात आली. तिच्या सासूला दूध पचेना, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेलं, आणि चणे खाऊन तिचं पोट फुगलेलं. "भाभी, आपको मालूम है ना इसका इलाज?" माझी कीर्ती तिच्यापर्यंत पोचली होती. मी म्हटलं, मला माहीत आहे, पण माझे गुरू वेगळे आहेत. आणि आबांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या ठेवणीतल्या हिंदीत सुरुवात केली. "देखो बाई, चना रातभर भिगाव. वो पानी फेको. फेको म्हंजी फेको, उसमें वारा हय! फिर मऊ पकाव. और सासू को बोलो, डरने का न्हाई."

"वारा मतलब?" ती मला विचारत होती.

मी सांगायच्या आत आबांनीच फोनमधून तोंडानं आवाज काढून दाखवला. अगदी हुबेहूब. ती बिचारी पदर तोंडाला लावून हसत जिन्याच्या पायरीवर बसली, आणि पलीकडून आबा विचारत होते, "समझा क्या? का अजून एकदा करू?"